रील लाखांनी पाहिली, ऑर्डरी अकराच: कशिद्याच्या कामासाठी व्हिडिओ कसे करावेत

निपाणीहून एका ताईंनी विचारलंय: "मी आणि माझी जाऊ मिळून कशिद्याच्या पर्स आणि ब्लाउज पीस करतो. वर्षभरात ११२ रील टाकल्या. एक रील १ लाख ८० हजार जणांनी पाहिली, साडेसहा हजार फॉलोअर झाले. पण सबंध वर्षात ऑर्डरी आल्या अकरा. कोणी म्हणतं हिंदीत बोला, कोणी म्हणतं कन्नडमध्ये, कोणी म्हणतं रोज दोन टाका, चांगला कॅमेरा घ्या. सगळं करून दाखवलं तर लोक नक्कल करतील असंही घरचे म्हणतात. काय करू?"

ताई, मी बेळगावात वडगावला राहते. इरकल साडीवर कशिदा काढायला लागून मला २६ वर्षं झाली आणि त्याचे व्हिडिओ टाकायला लागून आठ. तुम्ही ज्या जागी आज आहात तिथे मी दोन वर्षं अडकून होते, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

तुमचा प्रश्न बघणारे कमी पडतात हा नाही. आधी हिशेब बघा. तळहाताएवढं तुळशी वृंदावन काढलेली एक पर्स म्हणजे नीट काम केलं तर दीड-दोन दिवस. ब्लाउज पीसला, पाठीवर आणि बाह्यांवर काम असेल तर, चार दिवस सहज जातात. घर सांभाळून तुम्ही दोघी महिन्याला पंधरा-वीस वस्तूंच्या वर जाणार नाही. वर्षाला दोनशे म्हणू. त्यातल्या निम्म्या जुन्या गिऱ्हाइकांनी परत घेतलेल्या किंवा भेट म्हणून नेलेल्या असतील. म्हणजे तुम्हाला वर्षाला शंभरएक नवी माणसं हवीत. ती शंभर माणसं १ लाख ८० हजारांत होती की नव्हती, आणि असली तर ती का थांबली नाहीत, एवढंच शोधायचं आहे.

हे मला कसं कळलं ते सांगते. २०२१ मध्ये माझा एक छोटा व्हिडिओ असाच पळाला. काळ्या चंद्रकळेवर पांढऱ्या दोऱ्याने रथ काढतानाचा, चाळीस सेकंदांचा. दोन दिवसांत चारशेच्या वर मेसेज, सगळ्यांचा एकच प्रश्न, "प्राइस?" मी भाव सांगायचे आणि बहुतेकींकडून पुढे उत्तरच यायचं नाही. काहींनी लिहिलं की एवढ्यात तर मशीनच्या तीन साड्या येतात. मला त्या बायकांचा राग आला होता. नंतर शांतपणे तो व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं की तो मी भरधाव वेगाने पळवला होता. बघणाऱ्याला रथ चाळीस सेकंदांत तयार होताना दिसला, आणि त्या चाळीस सेकंदांचे मी हजारो रुपये मागत होते. चूक त्या बायकांची नव्हती. वर त्या भरात मी तीस ऑर्डरी घेऊन बसले, सहा महिने लोकांना तारखा देत राहिले. आठ जणींना पैसे परत केले. त्या आठ जणी पुन्हा कधी आल्या नाहीत.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते. बघणारीला भाव विचारावासा वाटण्याच्या आधी तिला काम कळलेलं असलं पाहिजे. व्हिडिओ मी त्याच्यासाठी करते. बाकी सगळे निर्णय, भाषा, कॅमेरा, किती वेळा टाकायचं, हे त्यातूनच निघतात.

आता काम कळणं म्हणजे काय? कशिद्याचं उदाहरण घेऊ, कारण आपल्या दोघींचं तेच काम आहे. आपण कापडावर नक्षी छापून घेत नाही, कापडाचे धागे मोजत जातो. गाठ मारत नाही. गवंतीचा टाका घालताना आधी एक वर, एक खाली असं करत पुढे जातो आणि त्याच वाटेने परत येताना रिकाम्या राहिलेल्या जागा भरतो. म्हणून गोपुर असो की पालखी, सुलट आणि उलट दोन्हीकडून सारखंच दिसतं. मुरगी या दुसऱ्या टाक्याचं तसंच, फक्त ती पायऱ्यांसारखी चढते. हे तुम्हाला पाठ आहे, माझ्यापेक्षा चांगलं असेल. पण पुण्यात बसलेल्या बाईला हे ठाऊक नाही. तिच्या आजीच्या पेटीत अशी साडी असेलही, पण ती तिने कधी उलटून पाहिलेली नाही.

माझा सगळ्यात जास्त गिऱ्हाईक आणणारा व्हिडिओ यावरचाच आहे. अकरा मिनिटांचा. त्यात मी फक्त एका गोपुराचा एक कोपरा वळवून दाखवते. परत येताना सुई कुठल्या छिद्रातून घालायची, एक धागा चुकला तर चार बोटं पुढे गेल्यावर नक्षी कशी जुळत नाही, आणि मग उसवून परत कसं यायचं. शेवटी कापड सावकाश उलटते आणि काही न बोलता तसंच धरते. तो व्हिडिओ पाहून येणारी बाई "प्राइस?" विचारत नाही. ती विचारते, "माझ्या मुलीच्या लग्नाला अजून पाच महिने आहेत, होईल का?" हा व्हिडिओ वर्षाला जेमतेम काही हजार लोक पाहतात. चाळीस सेकंदांच्या रथाने जे दिलं नाही ते याने दिलं.

हा कोपरा निवडायचं माझं मलाही सुचलं नव्हतं. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली एक आलेख असतो, लोक कुठपर्यंत टिकले त्याचा. तो मी आधी बघायचेच नाही, मुलाने दाखवला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. "नमस्कार मंडळी, कशा आहात, चॅनेलला सबस्क्राइब करा" असं मी जे मिनिटभर बोलायचे तिथे रेघ धाडकन खाली यायची. आणि जिथे सुई कोपऱ्यावर वळते तिथे रेघेला उंचवटा. उंचवट्याचा अर्थ, लोक मागे जाऊन तेवढंच परत बघत होते. आपलं गिऱ्हाईक तोंडाने सांगत नाही ते तिथे सांगतं. इन्स्टाग्रामवर सेव्ह आणि शेअर किती झाले ते बघा, लाइकपेक्षा ते जास्त सांगतात. तुमच्या ११२ रीलपैकी सगळ्यात जास्त सेव्ह झालेल्या पाच काढा. त्यांत काय सारखं आहे ते शोधायला एक दुपार द्या.

त्या पाचांत जर टाका शिकण्याच्या रील निघाल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका. माझ्याकडे तसंच झालं. मला वाटत होतं ही सगळी साडी घेणारी माणसं आहेत. कमेंट नीट वाचल्या तर अर्ध्याअधिक बायकांना साडी नको होती, त्यांना स्वतः काढायचं होतं. मग मी धागे स्पष्ट मोजता येतील असं सुती कापड, दोरे, दोन सुया आणि चौकटीच्या कागदावरचं वृंदावन अशी एक पिशवी तयार केली. तिला माझे हात जवळजवळ लागतच नाहीत, कापून भरायचं काम घरातलं कोणीही करतं. आता महिन्याच्या मिळकतीतला मोठा भाग त्या पिशव्यांतून येतो. आणि जी बाई स्वतः महिनाभर बसून एक वृंदावन काढते ती पुढे साडीचा भाव ऐकून कधी घासाघीस करत नाही.

नक्कल होईल या भीतीचं माझं उत्तर यातच आलं. मशीनवाल्याला नक्कल करायला फोटो पुरतो, त्याला तुमचा टाका शिकायचाच नसतो. माझ्या व्हिडिओतला तुकडा कापून एका दुकानाने त्याखाली मशीनचा माल विकायला काढला होता. आपल्या हातांच्या व्हिडिओखाली दुसऱ्याचा माल बघून फार वाईट वाटतं. पण कॉपीराइटची तक्रार त्या ॲपवरच ऑनलाइन करता येते. मूळ व्हिडिओची लिंक जोडून मी ती केली आणि तो तुकडा काढला गेला. मूळ फाइल तारखेसकट जपून ठेवा. दाखवायचं मात्र थांबवू नका.

आता भाषा. इथे थोडं परिस्थितीवर आहे. तुमची वस्तू कुठेही, कोणालाही चालणारी असती, म्हणजे साधी टोट बॅग असती, तर हिंदीचा विचार करा म्हटलं असतं. पण कशिदा, इरकल, खण यांची ओढ कोणाला आहे? ज्यांनी ते घरात पाहिलंय त्यांना. ती माणसं कोल्हापूर, सोलापूर, पुणे, मुंबईत मराठी बोलतात आणि हुबळी, धारवाड, बागलकोट, बेंगळुरूत कन्नड. मला ज्यांनी कशिदा शिकवला त्या धारवाडच्या होत्या, टाक्यांची नावं मी कन्नडमधूनच शिकले. तरीही मी व्हिडिओत घरात बोलते तसं मराठीच बोलते, कारण टाका समजावताना मला शब्द शोधावा लागला की हात थांबतो. एकाच व्हिडिओत अर्धं मराठी, अर्धं कन्नड असं मी वर्षभर करून पाहिलं. दोन्हीकडची माणसं मध्येच उठून गेली. आता बोलणं पूर्ण मराठीत, खाली कन्नड सबटायटल मी स्वतः लिहिते. यूट्यूब बऱ्याच चॅनेलांना त्याच व्हिडिओला दुसऱ्या भाषेतला आवाज जोडू देतं, त्यामुळे चांगल्या चाललेल्या चार व्हिडिओंना शेजारच्या कन्नड मुलीच्या आवाजात कन्नड जोडलंय. तुमची जाऊ चिकोडीकडची, कन्नड चांगलं बोलणारी असेल तर तुमचं कामच झालं.

नावाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचं लिहा. आपण इरकल म्हणतो, कन्नड माणूस इळकल शोधतो. कोणी कशिदा लिहितं, कोणी कसुती. गावाचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण अजून दोन्ही नावांनी शोधणारे आहेत. शीर्षकात एक आणि खालच्या माहितीत दुसरं, असं ठेवा. आणि नावावरून किंवा सीमेवरून कमेंटमध्ये कोणी भांडण काढलं तर मी ती कमेंट काढून टाकते, उत्तर देत नाही. माझ्या साडीचं कापड इळकलचं, दोरा बेळगावच्या बाजारातला, नेणारी पुण्याची. त्या साडीखाली भांडण मला चालत नाही.

कॅमेरा घेऊ नका. निदान या वर्षी नको. फोन पुरतो, पण तीन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे काळं कापड. फोनला काळं दिसलं की तो आपोआप उजेड वाढवतो, चंद्रकळा करडी होते आणि पांढऱ्या दोऱ्याचे टाके उजेडात विरून जातात. स्क्रीनवर दोरा दिसतो तिथे बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो, मग उजेड थोडा खाली ओढायचा. दुसरं, इरकलचा बारीक चौकडा व्हिडिओत लुकलुकतो, बघणाऱ्याचे डोळे दुखतात. फोन थोडा जवळ किंवा थोडा लांब केला की ते जातं, एकदा शूट करून पाहावं लागतं. तिसरं, फोन वरून खाली बघणारा हवा, म्हणजे बघणारीला स्वतःच्या मांडीवर कापड असल्यासारखं दिसतं. मी जुन्या स्टुलाच्या फळीला भोक पाडून त्यावर फोन ठेवते आणि खाली पाटावर कापड. उजेड खिडकीचा, डावीकडून, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही.

पैसे घालायचेच असतील तर कॉलरला लावायच्या माइकमध्ये घाला. वडगावात यंत्रमागांची खटखट दिवसभर असते, ती मला ऐकूही येत नाही, पण माइकला येते. मी शूटिंग एका वेळी करते आणि बोलणं नंतर, लाइट गेली की माग बंद पडतात तेव्हा, फोनवरच रेकॉर्ड करते. गाणी लावू नका. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंटला चालू गाणी बहुतेक मिळत नाहीत आणि यूट्यूबवर त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते. ताणलेल्या कापडातून दोरा ओढला जातानाचा सर्र आवाज येतो ना, तो ठेवा. त्याबद्दल मला जितक्या जणींनी लिहिलंय तितकं कुठल्याच गाण्याबद्दल लिहिलं नसतं.

रोज दोन टाकायचं सोडून द्या. तुमचे हात कामाचे आहेत. मी पंधरा दिवसांतून एक मोठा व्हिडिओ करते, आठ ते पंधरा मिनिटांचा, आणि त्यातलेच दोन-तीन तुकडे शॉर्ट आणि रील म्हणून सोडते. ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूबचा शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो, त्यामुळे एक टाका न पळवता पूर्ण दाखवता येतो. शॉर्टच्या खाली लिहिलेली लिंक दाबली तरी उघडत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. पण शॉर्टला आपलाच मोठा व्हिडिओ जोडायची सोय आहे, ती वापरा. रील म्हणजे बेळगावच्या बाजारातल्या गणपत गल्लीतून जाताना दुकानात डोकावणारं माणूस. त्याला आत बसायला मोठा व्हिडिओ लागतो, आणि तुमच्या ११२ रीलमागे तो एकही नाही. माझ्या मते अकरा ऑर्डरींचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

हे सगळं पावसाळ्याच्या आधी शूट करून ठेवा. जून ते ऑगस्ट आपल्याकडे दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये मी सहा-सात व्हिडिओ भरून ठेवते आणि पावसाळ्यात नुसतं बोलणं जोडते.

यूट्यूबकडून मिळणाऱ्या पैशांवर फार विसंबू नका. जाहिरातींतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्टवर १ कोटी व्ह्यूज. माझं ते होऊन चार वर्षं झाली, त्यातून सुईदोऱ्याचा खर्च निघतो.

ऑर्डर घेण्याबद्दल दोनच गोष्टी. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग करा, प्रत्येक वस्तूखाली भाव आणि किती दिवस लागतील ते उघड लिहा. भाव लपवून "इनबॉक्स करा" म्हटलं की चांगली गिऱ्हाइकं निघून जातात आणि वेळ घालवणारी राहतात. अर्धे पैसे आधी घ्या, आणि हातात असलेल्या कामापेक्षा दोन महिन्यांच्या पुढची ऑर्डर आली तर यादीत नाव लिहून ठेवा, पैसे घेऊ नका. दुसरं आपल्या सीमेवरचं. कोल्हापूर तुम्हाला चाळीस किलोमीटरवर आहे, पण जीएसटीच्या दृष्टीने ते दुसरं राज्य. बाहेरच्या राज्यात माल विकायला उलाढाल कमी असली तरी एरवी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना त्यातून अटींवर सूट आहे. तुमची पर्स त्यात बसते का हे निपाणीतल्या एखाद्या कर सल्लागाराला आत्ताच विचारून घ्या, ऑर्डरी वाढल्यावर नको.

वेळ किती लागेल हे मी सांगू शकत नाही, ते तुमच्या हाताच्या सफाईवर, बोलण्यावर आणि थोडं नशिबावरही आहे. मला पहिल्या मोठ्या व्हिडिओनंतर ओळीने गिऱ्हाइकं यायला चौदा महिने लागले. त्या काळात मी व्ह्यूज लिहून ठेवायचे नाही. वहीत एकच नोंद असायची: या महिन्यात विचारायला आलेल्यांपैकी किती जणींनी व्हिडिओतली एखादी गोष्ट बोलून दाखवली. सुरुवातीला एक, मग तीन, मग नऊ. तुम्हीही तशी वही घाला.

आणि पहिला मोठा व्हिडिओ वृंदावनाच्या पर्सचाच करा. तुमच्या रीलमध्ये ती पर्स मी पाहिली, पायऱ्यांची मुरगी फार सुरेख बसली आहे. फक्त अस्तर लावायच्या आधी शूट करा. अस्तर लागलं की उलटी बाजू कायमची झाकली जाते, आणि तीच तर लोकांना दाखवायची आहे.